शंभर टक्के शिल्लक

संध्याकाळचे सहा वाजले की त्या घरात ज्याने त्याने आहे तिथे गुपचूप बसायचं, असा नियम होता. सहा ते दहा वीज महाग. वीज कंपनीने दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळा दर लावल्यापासून घरच्या कर्त्या पुरुषाने ते दरपत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. ते वाचल्याशिवाय कुणी फ्रिज उघडू नये, अशी त्याची इच्छा होती. सहानंतर तर फ्रिज उघडायचाच नव्हता.

हा गृहस्थ एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. सुटे भाग सांभाळायचे आणि लागतील तसे द्यायचे, असं त्याच्या कामाचं स्वरूप कागदावर होतं. त्यातला सांभाळण्याचा भाग तो जीव ओतून करी. देण्याचं म्हणाल तर, मागायला आलेला प्रत्येक माणूस त्याला दरोडेखोर वाटे.

"बेअरिंग पाहिजे," फिटर म्हणायचा.

"मागच्या महिन्यात नेलेलं काय झालं?"

"झिजलं."

"एवढ्यात कसं झिजलं?"

"मशीन फिरतं ना, साहेब."

"मग फिरवता कशाला एवढं?"

त्यामुळे अधूनमधून कारखाना बंद पडे, पण स्टोअरची फडताळं कायम भरलेली असत. भरलेलं फडताळ पाहिलं की स्टोअरकीपरला रात्री शांत झोप लागत असे.

अशा माणसाने घराच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवले आणि गॅलरीच्या भिंतीवर एक जाडजूड बॅटरी टांगली. बसवणाऱ्याने हिशेब नीट समजावून सांगितला होता. दिवसा उन्हावर बॅटरी भरायची, संध्याकाळी महाग वीज सुरू झाली की घर बॅटरीवर चालवायचं. सकाळी परत ऊन आहेच. स्टोअरकीपरने मान डोलावली. पहिल्या संध्याकाळी तो फोनवर बॅटरीचा आकडा बघत बसला. शंभर होते. बायकोने स्वयंपाकघरातला दिवा लावला, आईने पंखा लावला, आणि बघता बघता सत्त्याण्णव झाले. बॅटरीत कायम किती टक्के राखून ठेवायचे ते फोनवरच ठरवता येत होतं. त्याने तिथे शंभर टाकले.

"अहो, मग बॅटरी आणली कशाला?" बायकोने विचारलं.

"अडचणीला."

"कसली अडचण?"

"ते आत्ता कसं सांगणार? आली की कळेल."

तेव्हापासून बॅटरी तुडुंब भरलेली असे. गच्चीवरचे पॅनल सकाळी थोडं काम करत आणि मग भरायला जागाच नसल्यामुळे दिवसभर नुसतेच ऊन खात पडत. संध्याकाळी बॅटरी वापरायची नाही, कारण ती संपते. बाहेरची वीज वापरायची नाही, कारण ती महाग. राहता राहिला तिसरा मार्ग, म्हणजे काहीच वापरायचं नाही. आईने एकदा बोलून दाखवलं, "मी या घरात आले तेव्हा वीज नव्हती, म्हणून अंधारात बसायचो. आता दोन-दोन विजा आहेत, तरी अंधारातच."

खरी पंचाईत झाली ती बायकोची. ती एका शाळेच्या कचेरीत नोकरी करायची आणि संध्याकाळी घरी ऑर्डरचे केक करायची. नोकरी पोटासाठी होती आणि केक जिवासाठी. दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज फायलीत लावून ती इतकी वैतागली होती की एक दिवस केकवर घर चालवायचं आणि शाळेला रामराम ठोकायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण शाळेतून यायला पाच वाजत आणि सहाला ओव्हनवर संक्रांत येई. पहाटे उठून केक कर, असा तोडगा नवऱ्याने सुचवला. तिने तो आठवडाभर पाळला आणि शेवटी मुख्याध्यापकांशी बोलता बोलता उभ्या उभ्या झोपली. त्यानंतर एका संध्याकाळी ओट्यावरची ओव्हनची जागा रिकामी दिसली.

"ओव्हन कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

"ज्यांना गरज होती त्यांना."

स्टोअरकीपरला वाईट वाटलं. अगदीच दगड नव्हता तो. पण ओव्हन हे घरातलं सगळ्यात खादाड यंत्र होतं, त्यामुळे वाईट वाटणं जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकलं.

ओव्हन गेला होता समोरच्या दारात. समोर राहणारा फार्मासिस्ट इस्पितळात दुपारपाळी करायचा आणि झोपायच्या वेळेला घरी यायचा. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, संध्याकाळ खायला उठत असे. दोघींनी भागीदारी केली. रोज साडेपाचला स्टोअरकीपरची बायको "फिरायला जाते" म्हणून निघे आणि चार पावलांत पोचे. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. गप्प राहण्याबद्दल त्यांना रोज एक तुकडा पोचता होत होता. फार्मासिस्टला घरातली नवी वस्तू दिसायला साधारण वर्ष लागत असल्यामुळे तिकडूनही धोका नव्हता. बिलाचा विचार मात्र दोघींनीही केला नाही, कारण दरपत्रक दुसऱ्याच फ्रिजवर होतं.

पुढचं बिल आलं आणि स्टोअरकीपर हरखून गेला. निम्म्याहून कमी. ते बिल तो कारखान्यात घेऊन गेला आणि बेअरिंग मागायला आलेल्यांनाही त्याने ते दाखवलं. बेअरिंग दिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

रविवारी सकाळी फार्मासिस्ट स्वतःचं बिल घेऊन हजर झाला.

"काय जादू केलीत हो? आख्ख्या बिल्डिंगमध्ये तुमचंच नाव चाललंय. आणि आमचं बघा, दुपटीच्या वर गेलंय. मी तर संध्याकाळी घरात नसतोच."

"वहिनी काय काय लावतात?"

"ती कशाला काय लावेल? एकटी तर असते. हां, हल्ली रात्री आलो की केक असतो ताटात, तेवढं सुख आहे."

आतल्या खोलीत बायकोच्या हातातला डबा खाली पडला. स्टोअरकीपरने तिकडे लक्ष दिलं नाही.

"कुठेतरी चोरून वीज जातेय," तो म्हणाला. "तुमच्या मीटरवर कुणीतरी तार टाकलीय. मी शोधून काढतो."

"बघा बुवा. मेहेरबानी होईल."

त्याच दिवशी बायकोने त्याला परोपरीने सांगितलं की लोकांच्या भानगडीत पडू नका, बिलं वरखाली होतातच. पण दुसऱ्याच्या घरची गळती शोधायची संधी सोडून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो हटूनच बसला. कधी जाणार ते मात्र त्याने गुप्त ठेवलं, कारण चोर सावध व्हायला नको होता.

त्याने निवडला शुक्रवार, आणि नेमका शुक्रवारीच बायकोचा निकाल लागायचा होता. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी तिचा केक कुठेतरी खाल्ला होता. शुक्रवारी आठ वाजता तीस छोटे केक ताजे करून ठेवा, मी स्वतः येऊन चाखते, पसंत पडले तर रोजची ऑर्डर तुमची, असं त्या म्हणाल्या होत्या. रोजची ऑर्डर म्हणजे शाळा सुटली. राजीनाम्याचा मजकूर तिला पाठ झाला होता.

शुक्रवारी स्टोअरकीपर कारखान्यातून परस्पर जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत शिरला. सात वाजायला आले होते. फार्मासिस्टचं मीटर भरधाव पळत होतं. घरात एकटी बाई आणि एवढा खप. चोरी वहिनींच्या घराच्या तारेवरून होतेय की त्याआधीच इथे खाली, हे ताडून बघायला त्याने त्यांचा मेन स्विच खाली केला. मीटर थांबलं. वर कुठेतरी कुणीतरी किंचाळलं. चालू केला, मीटर पळालं. खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. कुठलाही नग तीनदा तपासायची त्याची सवय होती. तिसऱ्यांदा खाली ओढताना स्विचची दांडी निखळून त्याच्या हातात आली.

त्याने ती बसवून पाहिली. बसेना. तेव्हा वहिनींना सांगायला हवं म्हणून तो दांडी घेऊन वर गेला आणि समोरच्या दाराची कडी वाजवली.

दार त्याच्या बायकोने उघडलं. कोपरापर्यंत मैदा, कपाळावर मैदा, एका हातात मेणबत्ती.

"तू इथे?" तो म्हणाला. "फिरायला गेली होतीस ना?"

"लाइट गेली," ती म्हणाली. तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. "हे काय आहे?"

"मेन स्विच."

"कुणाचा?"

"यांचा."

मागून वहिनी आल्या आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी ट्रे पुढे धरला. फुगता फुगता तीनदा दगा बसलेले पंधरा केक मधोमध खचून बसले होते.

"भावोजी, बघा तुम्हीच," वहिनी म्हणाल्या.

स्टोअरकीपरला हळूहळू सगळं उमगत गेलं. मीटरचं पळणं, ताटातला केक, वहिनींचं दुपटीवर गेलेलं बिल आणि त्याचं स्वतःचं निम्मं झालेलं. गावभर मिरवलेली ती बचत केवळ चार पावलं सरकलेली होती. त्याला इतकी लाज वाटली की दांडी खिशात घालावी की पाठीमागे लपवावी, हेही सुचेना.

"आठला बाई येणार आहेत," बायको म्हणाली. "तिसाचं पीठ होतं. पंधरा तुम्ही मारलेत. उरलेल्यांचं तरी करू द्या. मला त्या शाळेत परत नाही जायचंय हो."

एवढी वर्षं ती शाळेत जाते म्हणजे तिला आवडतच असेल, असं तो धरून चालला होता. त्याने दांडी वहिनींच्या हातात दिली, खांद्यावर दोन टॉवेल टाकले आणि गरम ओव्हनला मिठी मारली.

"दार उघडा आपलं," तो म्हणाला.

आईने दार उघडलं आणि वाट करून दिली. ओव्हन जुन्या जागी बसला. बायकोने पिन लावली आणि ट्रे आत सरकवला. आता वीज घ्यायची कुठून, हा प्रश्न होता. बाहेरची घ्यावी तर ऐन महागाईची वेळ. बॅटरीतली घ्यावी तर बॅटरी संपणार. स्टोअरकीपर फोन हातात धरून उभा राहिला. अंगठा वर गेला, खाली आला, परत वर गेला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"नाही, म्हणजे अख्खा साठा आहे. उद्या खरी अडचण आली तर?"

"मागणीची चिठ्ठी लिहून देऊ का? सही करते हवं तर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मैद्याने माखलेला हात पुढे करून ती त्याच्याकडे बघत होती. कारखान्यात आजवर कुणी त्याच्याकडे अशा नजरेने बेअरिंग मागितलं नव्हतं. त्याने शंभराच्या जागी शून्य टाकलं आणि पाठ फिरवली.

तरी राहवेना. नव्वद. ऐंशी. तो मोठ्याने वाचत होता आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. ओव्हनच्या काचेआड केक वर येऊ लागले तसे त्याच्या लक्षात आलं की आपण आकडा सोडून केककडे बघतोय. एकसारखे, गोल, तांबूस. बायको श्वास रोखून उभी होती, आणि तोही.

बाई आठला आल्या. तिसाऐवजी पंधराच का, याचं कारण वहिनींनी "मेन स्विचचा बिघाड" असं सांगितलं आणि बिघाडाकडे एकदा पाहून घेतलं. बाईंनी उभ्यानेच एक केक खाल्ला, मग खुर्ची ओढून दुसरा खाल्ला.

"लाइट नसताना एवढं केलंत," त्या म्हणाल्या. "मग असताना काय कराल? सोमवारपासून रोज चाळीस."

शनिवारी दुपारी स्टोअरकीपरने धीर करून फोन उघडला. बॅटरीत शंभर होते. कुणी पैसे मागितले नव्हते, कुणी चिठ्ठी लिहिली नव्हती, उन्हाने परस्पर फडताळ भरून ठेवलं होतं. आजवर रोज असंच भरायला आलेलं ऊन आपण दारातून परत पाठवलं, हे त्याला कळलं आणि तो गॅलरीत बराच वेळ बॅटरीसमोर बसून राहिला. त्या दिवसापासून शिल्लकेच्या जागी त्याने शून्यच राहू दिलं. बायकोने शाळेला रामराम ठोकला. आता ती दुपारी स्वस्त विजेवर आणि संध्याकाळी बॅटरीवर भाजायची, आणि नवरा ट्रे पुसायचा. नव्या दांडीचे आणि वाढलेल्या बिलाचे पैसे पहिल्याच कमाईतून समोर पोचले. वहिनींनी ते का आले, हे नवऱ्याला सांगितलं नाही. भागीदारी चालू होती.

महिन्याने फार्मासिस्ट पुन्हा आला. हातात बिल होतं, मागे पहिल्या मजल्यावरचे वकील आणि सोसायटीचे सेक्रेटरी.

"बघा," फार्मासिस्ट म्हणाला, "निम्मं. मी म्हटलं नव्हतं? यांचा हात लागला आणि बिल निम्मं. यांनाही जरा सांगा, नक्की काय केलंत."

स्टोअरकीपरने आत पाहिलं. दारात बायको होती, तिच्या मागे वहिनी. दोघी मानेने नाही म्हणत होत्या. पण आता लोकांना फसवायचं नाही, निदान जेवढं सांगता येईल तेवढं खरं सांगायचं, असा त्याचा निश्चय होता.

"खरं सांगू का? मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. "मी फक्त तुमचा मेन स्विच तोडला."

वकिलांनी चष्मा काढून पुसला, सेक्रेटरींकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे ओढली.

"मग आमचा कधी तोडता?"