हेडमास्तरांची टाळू

हेडमास्तर निवृत्त झाले, पण त्यांचं डोकं काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं. काळंभोर, कोळशानं खाली मान घालावी असं. "खरं बोलणाऱ्याचे केस पिकत नाहीत," हे त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं. आणि दर तिसऱ्या शनिवारी न्हाव्याच्या दुकानाचं दार आतून लावून हे सत्य ते नव्यानं रंगवून घेत. घरी त्यांची एकच तक्रार होती: बायको उशांना शोकसभेसारखे काळे अभ्रे घालते, तिला रंगाची समजच नाही.

या शनिवारी न्हाव्यानं रंगकामाचा व्हिडिओ काढला आणि जाहिरात म्हणून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात हेडमास्तर मोबाइल उगारून परत दुकानात.

"कोणाला विचारून टाकलंस?"

"सर, तोंड कुठे दाखवलंय? नुसती टाळू आहे."

"टाळू काय गावजेवणाची पंगत आहे? उद्या डॉक्टर माझं पोट दाखवेल, वर म्हणेल नाव थोडंच सांगितलं. माणसाचं डोकं त्याचं स्वतःचं राहिलंय की नाही?"

"काढून टाकतो, सर."

"नुसतं काढू नकोस. लेखी माफी माग. तिथंच, सगळ्यांसमोर."

न्हावी त्यांचाच विद्यार्थी, त्यातून आज्ञाधारक. पाच मिनिटांत माफी झळकली: 'आदरणीय हेडमास्तर गेली पंधरा वर्षे आमच्याकडे केस काळे करतात. त्यांचा व्हिडिओ विनापरवानगी टाकल्याबद्दल क्षमस्व.'

शुद्धलेखनाची एक चूक नाही. तोवर ती टाळू कोणाची, हे कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. आता ग्रुपवर छप्पन्न अंगठे उठले. दूधवाल्यानं तर रस्त्यातच गाठलं, "सर, ते खरं बोलण्याचं कसं काय मग?"

हेडमास्तर मागच्या दारानं घरात शिरले. बायको उशांचे अभ्रे बदलत होती. त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "वाच. आता तूही हसून घे."

तिनं वाचलं आणि उशी झटकली. "पंधरा वर्षं काळे अभ्रे काय हौसेनं शिवतेय? पांढरे धुऊन धुऊन हात झिजले होते माझे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"डोकं तुमचं. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कशाला बोलू?" ती म्हणाली. "कानामागं राहिलंय तेवढं पुसा आधी."