खजिन्याचं कुलूप

कुलूप आणि मी समोरासमोर आलो की हार कुलपाचीच होते! ही बढाई नाही, हा माझा धंदा आहे. भर बाजारात माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. फक्त माझ्या सासऱ्यांच्या लेखी ते दुकानच नाही. ते निवृत्त मुख्याध्यापक. आपल्या शिकलेल्या मुलीला दिवसभर किल्ल्यांवर कानस मारत बसणारा नवरा मिळाला, हे दुःख त्यांना अजून पचलेलं नाही.

म्हणून यंदा ते आमच्याकडे आले तेव्हा मी ठरवलंच, त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘शाब्बास’ काढायचं. त्यांना इतिहासाचं वेड, आणि आमच्या शहरात जुन्या राजघराण्याच्या खुणा हव्या तेवढ्या. मी दुकान बंद ठेवलं आणि सासऱ्यांना आणि बायकोला घेऊन सरळ एका गाइडच्या मागे निघालो.

सकाळी राजाची घोडशाळा झाली, राणीचा हौद झाला, युवराजाचा मनोरा झाला. प्रत्येक ठिकाणी सासऱ्यांनी गाइडच्या चुका काढल्या. मी काही बोललो की ते माझ्याकडे नाही, मनोऱ्याकडे बघत. शेवटी आम्ही राजवाड्यातल्या खजिन्याच्या दारापाशी पोहोचलो. दारावर कलिंगडाएवढं कुलूप!

गाइडने आवाज चढवला, "शेवटच्या राजाने हे दार लावलं आणि किल्ली नदीत फेकली! तेव्हापासून हे कुणालाही उघडता आलेलं नाही! बोला, कोण येतंय पुढे?"

हा त्याचा रोजचा खेळ होता. एखादा हौशी पाहुणा पुढे यायचा, गाइडकडच्या गंजक्या किल्ल्यांशी झटायचा, हरायचा, मग सगळे हसत फोटो काढायचे.

"जावईबापू, हे तुमचं खातं," सासरे म्हणाले. चारचौघांत!

"अहो, नको," बायको कुजबुजली. "नाही उघडलं तर बाबा जन्मभर ऐकवतील."

"आणि उघडलं तर?"

याचा विचार कुणी केलाच नव्हता. मीही नाही.

गंजका जुडगा मी गाइडला परत दिला. खिशातून तेलाची कुपी काढली. ती माझ्या खिशात लग्नातसुद्धा होती. तेल सोडलं, बायकोच्या केसातली पिन घेतली, कुलपाला कान लावला आणि हलक्या हाताने फिरवली. खट्ट! टाळ्यांचा कडकडाट झाला. सासऱ्यांचा हात चक्क माझ्या खांद्यावर पडला! खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

त्याच भरात मी दार ओढलं.

आत भिंत होती. खजिना राहू द्या, साधी खुंटीही नव्हती. कुणी तरी दार नुसतंच भिंतीवर बसवलेलं होतं.

"एवढंच?" मागून कुणी तरी म्हणालं, आणि लोक कुरकुरत पांगले. खांद्यावरचा हात कधी निघून गेला, कळलंच नाही.

"काय केलंत हो हे!" गाइड रडकुंडीला आला. "घोडशाळा बघायला कोण कुत्रं येतं? माझी सगळी मदार या दारावर! पुढची मंडळी जिना चढताहेत. लावा, आधी लावा ते!"

लावणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. मी कुलूप दाबलं. ते मिटलं, पुन्हा उघडलं. आतली स्प्रिंग तुटली होती.

"दुकानात नेतो, उद्या देतो."

"उद्या? ते बघा, आलेच!"

आणि दार तरी कुठे जागेवर राहतंय! हात सोडला की कुरकुरत उघडायचं. शेवटी गाइडने मला दारालाच टेकवून उभं केलं. पाठीने दार दाबायचं, मुठीत कुलूप मिटून धरायचं, आणि हलायचं नाही.

"हा इथला पहारेकरी," गाइड नव्या मंडळींना सांगू लागला. "कुलूप आता फार जुनं झालंय, म्हणून हा कुणाला हात लावू देत नाही."

मी आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. निदान हसतील तरी!

माझी नजर एका बाईंच्या लक्षात आली. "काका, तो सारखा तुमच्याकडेच बघतोय. ओळखीचा आहे का?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"छे हो," ते म्हणाले. "तोंडावरून तर इथलाच वाटतोय."