हेल्मेटवाल्या अण्णांचे कबाब

राजाजीनगरात लोक स्कूटरवरसुद्धा हेल्मेट घालत नव्हते, त्या काळात आमचे केशवअण्णा हेल्मेट घालून कोंबडी तळायचे. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी रॉकेलचा स्टोव्ह, अंगात बनियन, डोक्यावर हेल्मेट आणि काच खाली ओढलेली. काचेवर तेल उडालं की अण्णा ती पुसायचे. पुसली की काही दिसायचं नाही. दिसायचं नाही म्हणून कबाब जळायचे.

मी वरच्या मजल्यावर राहायचे. सगळा धूर माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर. एकदा गच्चीवरून ओरडले, "अण्णा, तुम्ही मेलात तरी चालेल, घर जाळू नका!"

"सरी, अक्का," काचेमागून अण्णांचं कानडी 'बरं' आलं.

अण्णांची बायको रत्ना आदल्या वर्षी गेली. तिचे कबाब लालभडक, वर तळलेला कढीपत्ता. ते तळावेत तिनेच आणि खावेतही तिनेच, इतके तिला आवडायचे. आमच्यात पितरांच्या अमावास्येला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान फोटोपुढे वाढतात, कोंबडी-मटण सगळं. मग दार लावून घरचे बाहेर बसतात. रत्नाच्या पानात कबाब हवेत आणि ते आपणच करायचे, असं अण्णांनी ठरवलं. या माणसाने जन्मात चहा उकळला नव्हता. सुनेला मात्र स्टोव्हजवळ येऊ देईनात.

पानातलं आधी चाखायचं नसतं. पण ते त्या दिवशी. अण्णा सरावाच्या कबाबांनाही तोंड लावेनात.

"जिभेला सवय लागली तर त्या दिवशी हात आपोआप तोंडाकडे जाईल, अक्का. तुम्ही रत्नाचे खाल्लेत. तुम्ही सांगा."

दर रविवारी जिन्यात बशी. मला गोड बोलता येत नाही.

"बाहेरून कोळसा झालाय, आतली कोंबडी अजून आरवतेय."

"सरी."

"मीठ घातलंत की पोतं उपडं केलंत?"

"सरी."

"ही भजी झाली. अंडं कमी, तांदळाचं पीठ घाला."

"सरी, सरी." रागवायचे नाहीत. त्याचाच मला राग यायचा.

श्रावणात कोंबडी बंद, म्हणून स्टोव्हही बंद. मला वाटलं, सुटले. गणपती गेले आणि धूर पुन्हा पापडांवर. मग एका रविवारी मी बशीतला तुकडा खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला. अण्णा जिन्यातच खाली बसले.

अमावास्येला रत्नाचं पान वाढलं, दार लावलं. आम्ही सगळे व्हरांड्यात. थोड्या वेळाने दार वाजवून उघडायचं असतं. मुलगा उठला.

"थांब," अण्णा म्हणाले.

आणखी बराच वेळ गेला. सून म्हणाली, "मामंजी, पोरं भुकेने कळवळली. आत सगळं गार झालं असेल."

"होऊ दे. जन्मभर मी तिला भरल्या पानावरून उठवलं. पाणी आण, लिंबू आण. आज सावकाश जेवू दे."

मुलाने दारावर उचललेला हात खाली घेतला. धाकटी नात रडायला लागली, तिला मी मांडीवर ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून बसले.