डायवरपर्यंतचा रस्ता

जमीन मोजण्यात माझा हात धरणारा माणूस शिरूर-दौंड पट्ट्यात अजून जन्मायचा होता! अकरा यार्डांची साखळी खांद्यावर टाकून मी शेतात शिरलो की बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले भाऊसुद्धा खाली उतरायचे. चांगदेव मोजणीदारानं सांगितलं म्हणजे संपलं! चूक? आणि माझ्या हातून? छे!

तर अशा माणसाची मोजण्यातच कशी फजिती झाली, ते सांगतो. कचेरीचं नाव मात्र विचारू नका. पेन्शन चालू आहे.

साल त्र्याहत्तर. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. विहिरींत पाण्याऐवजी कबुतरं होती. माणसं रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन दिवस काढत होती, आणि तो मिलो एवढा कडू की खाणाऱ्याचं तोंड दिवसभर वाकडंच राहायचं. मी नोकरीला शिरूरला. बायको, अंजना, दौंडला माहेरी. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. मला जगात दुसरं काही नको होतं, फक्त बाळ यायच्या आत दौंडला बदली हवी होती. अर्ज तीन महिने सबनीस साहेबांच्या टेबलावर पडला होता. त्यावर काचेचा पेपरवेट होता, आणि तो पेपरवेट काही केल्या हलत नव्हता.

सबनीस साहेब मुंबईहून आलेले. चेहरा कायम सुतकातला. खोलीच्या कोपऱ्यात त्यांची एक लांबोडकी चामडी पिशवी उभी असायची, तिच्यात गोल्फ नावाच्या खेळाच्या काठ्या. एके शनिवारी त्यांनी मला आत बोलावलं.

"चांगदेव, पुण्यात दरवर्षी आमचे सामने होतात. मी दरवर्षी हरतो. का, माहीत आहे?"

"नशीब, साहेब."

"नशीब नव्हे! कुठल्या काठीनं माझा चेंडू किती लांब जातो, हेच मला ठाऊक नाही. माणूस आपला सगळ्यात लांब गेलेला एक चेंडू लक्षात ठेवतो आणि जन्मभर त्याच भरवशावर मारत बसतो."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"एवढंच ना, साहेब? एका सकाळीत मोजून देतो!" मी छाती काढून म्हणालो.

"देशील? मग सोमवारी तुझ्या अर्जावर सही!"

मला त्याच क्षणी दौंडचं स्टेशन दिसायला लागलं.

पद्धत सोपी होती. प्रत्येक काठीनं दहा चेंडू मारायचे. सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात जवळचा सोडून द्यायचा. उरलेल्यांचा मध्य धरून तिथं झेंडी रोवायची, चुन्यानं नंबर लिहायचा आणि साखळीनं अंतर मोजायचं. साहेबांनी कागदावर यादीच लिहून दिली : नऊ नंबर, सात नंबर, पाच नंबर, आणि सगळ्यात शेवटी, ड्रायव्हर.

मी कचेरीच्या जीपच्या ड्रायव्हरला, हौशीरामला, गाठलं. "उद्या सकाळी बोरमाळावर यायचं. सगळ्यात शेवटी जीप घेऊन उभं राहायचं."

"मी? रविवारी? आन् उन्हात कशापायी?"

"यादीत तू आहेस! हे बघ!"

"ह्यात माझं नाव कुठं हाय? नुसतं ड्रायव्हर लिवलंय!"

"मग तू कोण, कंडक्टर?"

हौशीराम डोकं खाजवत जीप पुसायला गेला.

बोरमाळ म्हणजे शिरूरहून दौंडला जाताना रस्त्याला लागून असलेला उजाड माळ. नाव बोरमाळ, पण बोर एकही शिल्लक नव्हती. गवताचं पातं नाही, नुसता मुरूम आणि खडक. सकाळी साहेबांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून नऊ नंबरची काठी उचलली. चेंडू उडाला आणि उजवीकडं गेला. दुसरा उडाला. तोही उजवीकडं! साहेबांचे सगळेच चेंडू उजवीकडं जायचे. माझा साखळीवाला म्हाळू साखळीचं टोक घेऊन धावला. नऊ नंबर, नऊ साखळ्या. सात नंबर, बारा. पाच नंबर, चौदा. झेंड्या रोवल्या, चुना पडला. झेंड्यांची रांग मात्र उजवीकडं अशी वळत गेली की बघणाऱ्याची मान अवघडावी.

मग साहेबांनी पिशवीतून जाड डोक्याची काठी काढली आणि म्हणाले, "आता ड्रायव्हर!"

मी तोंडाशी हात धरून ओरडलो, "हौशीराम! साहेब बोलावतायत!"

हौशीराम जीप घेऊन पुढं आला आणि तेवढ्यात चेंडू सुटला. धाडकन जीपच्या टपावर! हौशीराम उडी मारून चाकामागं लपला.

"मारताय का काय मला? म्या काय केलंय?"

"अरे, जीप मध्ये कुणी आणली?" साहेब किंचाळले.

"साहेब, तुम्हीच ड्रायव्हर म्हणालात!"

"ड्रायव्हर हे या काठीचं नाव आहे, गाढवा!"

काठीला ड्रायव्हर म्हणतात हे मला कुणी सांगावं? उरलेले चेंडू मारून झाल्यावर मी खाली मान घालून अठरा साखळ्यांवर चौथी झेंडी रोवली आणि 'डायवर' असं मोठं लिहून टाकलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण तेवढ्यात गेणबा धनगर आठ मेंढरं घेऊन आला. पूर्वी त्याची साठ होती.

"काय मोजताय, भाऊसाहेब?"

आता खरं काय सांगणार? त्या मेंढरांच्या बरगड्या बघून 'साहेब चेंडू मारतायत आणि मी मोजतोय' असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "सरकारी काम आहे, आबा."

बस्स! माझ्या आयुष्यातले एवढे महाग पडलेले तीन शब्द दुसरे नाहीत. 'काम'ऐवजी मी 'मोजणी' म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण दुष्काळात 'सरकारी काम' याचा अर्थ एकच होता : खोरं, पाटी, मस्टरवर अंगठा, मजुरी आणि दुपारी खायला सुकडी.

गेणबा मेंढरं वळवून परत गेला. तासाभरात त्याच्या वाडीच्या वाटेवर धूळ दिसली. आधी दहा माणसं, मग चाळीस, मग मी मोजणं सोडून दिलं! बाया, बाप्ये, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर पाट्या आणि खांद्यावर खोरी. येतील तसे झेंड्यांपाशी जाऊन बसले.

अनसाबाई नावाची एक उंच, वाळलेली बाई माझ्यासमोर उभी राहिली. "आमी सात जनी हाय. सात नंबर आमाला द्या."

"बाई, तसं नाही हो..."

"मग पाच नंबर द्या. दोगी मागारी जात्याल. पर कामावर घ्या. न्हाईतर उद्याच्याला वाडी सोडायची म्हनत्यात समदी."

मागून कुणीतरी ओरडलं, "डायवरला मानसं कमी हायती! तिकडं चला!"

पंधराजण डायवरकडं धावले. साहेब जीपमध्ये जाऊन बसले, काच वर केली आणि काठ्यांची पिशवी पायांखाली लपवली.

"चांगदेव, यांना घालव."

"कसं घालवू, साहेब?"

"खरं सांग."

मी सांगायला वळलो आणि वळलेलाच राहिलो. रस्त्यावर एक पांढरी मोटार थांबली होती. जिल्ह्याचे मोठे साहेब दुष्काळाच्या पाहणीला निघालेले! ते खाली उतरले, झेंड्या पाहिल्या, चुना पाहिला, माणसं पाहिली.

"हे काय चाललंय?"

सबनीस साहेब जीपमधून खाली उतरले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हौशीरामनं माझ्याकडं पाहिलं. अनसाबाई सात नंबरच्या झेंडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि तीही माझ्याकडंच बघत होती. खरं सांगितलं तर रविवारच्या खेळापायी साहेबांना फार तर बोलणी बसतील, पण मोजणी झालीय, सोमवारी सही होईल आणि मंगळवारी मी अंजनाजवळ असेन. या बाया उद्या कुठं असतील, ते मला ठाऊक नव्हतं.

"रस्त्याची आखणी आहे, साहेब," मी म्हणालो. मोजणीच्या कामात मी पहिल्यांदाच खोटं बोललो.

"रविवारी?"

"सबनीस साहेबांना राहवलं नाही."

"आणि रस्ता असा उजवीकडं वाकडा का?"

"खडक टाळलाय."

मोठे साहेब गहिवरले. सबनीस साहेबांचा हात हातात घेऊन हलवत राहिले. "असे अधिकारी हवेत! मंजुरीचं मी बघतो. उद्या सकाळी काम सुरू करा!" आणि मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हा माणूस हुशार दिसतो. काम पुरं होईपर्यंत याला इथून हलवायचं नाही!"

अनसाबाईनं पाटी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

काम पावसाळ्यापर्यंत चाललं. लोक वाडीतच राहिले. सबनीस साहेबांची पंधरा दिवसांतच शाबासकीसह मुंबईला बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या अर्जावरचा पेपरवेट उचलला आणि पिशवीत टाकून नेला. अर्ज तिथंच राहिला. मला मात्र त्यांनी सात नंबरची काठी भेट दिली.

अठरा साखळ्यांचा तो रस्ता आजही आहे. मोठ्या रस्त्यापासून निघतो, उजवीकडं वळतो आणि माळाच्या मधोमध संपतो. तिथं गाव नाही, वस्ती नाही. तरी एस.टी.चा कंडक्टर ओरडतो, "चला, डायवर फाटा! डायवर फाटा!"

पण हे सगळं नंतरचं. काम चालू असतानाच, एप्रिलात, भर दुपारी, पोस्टमननं सात नंबरच्या झेंडीपाशी येऊन माझ्या हातात कार्ड दिलं. अंजनानं भावाकडून लिहून घेतलं होतं : 'मुलगी झाली. आठ दिवस झाले. तुमची वाट पाहून पाहून कळवते आहे. रस्ता संपला का?'

मी कार्ड खिशात ठेवलं. साहेबांचा एक हरवलेला चेंडू मुरमात सापडला होता, तो समोर ठेवला, त्यांनीच दिलेली काठी उचलली आणि दौंडच्या दिशेनं जीव खाऊन मारला.

दौंड तिथून तीन हजार साखळ्या. चेंडू दोन साखळ्या गेला. तोही उजवीकडं!