लंडनच्या सभेविरुद्ध तक्रार अर्ज

आमच्या धारूरचे दराडे सर लंडनच्या एका सभेविरुद्ध दर महिन्याला तक्रार अर्ज करतात. सभा होऊन नव्वद वर्षं झाली! अर्ज लिहायचा मात्र मी. सर विज्ञानाचे, मी त्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर, माझं अक्षर चांगलं. दोघंही रिटायर झालो, तरी माझी सुटका नाही.

"लिही बे. प्रति, माननीय अध्यक्ष, खगोलशास्त्रज्ञांची सभा, लंडन. विषय : आमच्या पोराचा भर सभेत अपमान केल्याबाबत."

आमचा पोरगा म्हणजे मद्रासचा. विशीच्या आत, विलायतेला शिकायला जाताना बोटीत बसल्या बसल्या त्यानं गणित मांडलं, की फार जड तारा विझला तर स्वतःच्याच वजनानं दबत जातो. पुढं लंडनच्या सभेत त्यानं ते सांगितलं. लगेच तिथला एक बडा साहेब उठला, म्हणाला, तारा असं येड्यासारखं वागूच शकत नाही. सभा खदाखदा हसली.

"आन् हा साहेब कोण?" सर चहाच्या टपरीवरचं बाकडं बडवतात. "ग्रहणात फोटो काढून जगाला सांगणारा, की सूर्याजवळ प्रकाश वाकतो, सापेक्षता खरी हाय! त्याच सापेक्षतेचा पुढचा हिशेब त्याला पचला न्हाई? कावून? तर पोरगं काल आलेलं!"

सरांचा खरा राग बाकीच्यांवर. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी पोराला खासगीत सांगितलं, तुझंच बरोबर. चारचौघांत एकानं तोंड उघडलं नाही. "लई इमानदार! लाज वाटाय पायजे!" मग अर्जाखाली, 'प्रत : जिल्हाधिकारी, बीड, माहितीसाठी.'

"कलेक्टर काय लंडनला जाऊन पंचनामा करणार, सर?"

"तू लिही."

मागच्या सोमवारी मात्र माझं डोकं फिरलं. "पुढं त्याला जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं ना! मिटलं की सगळं!"

"त्याला मिळालं," सर म्हणाले. नवा कागद माझ्यापुढं सरकवला. "लिही. प्रति, लता. मुक्काम सिरसाळा. पत्ता तिच्या भावाकडून घेतलाय."

लता म्हणजे आम्ही नोकरीत असतानाची, नववीतली पोरगी. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. एकदा तिनं भर वर्गात विचारलं होतं, "सर, तारा दबत गेला तर शेवटी जातो कुठं?" सर म्हणाले होते, "तारा राहू दे, तू दिवाळीनंतर कोणत्या फडात जाणार ते सांग." वर्ग हसला. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर गेली, ती शाळेत परत आलीच नाही.

"तिचा सवाल बराबर होता बे," सर म्हणाले. "मला जवाब येत नव्हता. म्हणून हसवला वर्ग."

"विषय?" मी विचारलं.

"माफी."

"प्रत कुणाला?"

"कुणालाच न्हाई."

अर्ज पुरा झाला. सरांनी सही केली. मी कागद ओढून घेतला आणि त्यांच्या सहीखाली माझीही सही केली. त्या तासाला फळ्यावर तारा काढून द्यायला मी वर्गातच उभा होतो, आणि पोरांबरोबर मीही हसलो होतो.