बापूराव काकांची सरपटणारी बिरादरी

पाल दिसली आणि आमच्या घरात कोणी ‘ई!’ म्हटलं, की भिंतीपलीकडून हमखास आवाज येतो, "काऊन भेता? समजून घ्या!" आणि पाठोपाठ शेजारचे बापूराव काका दारात हजर.

काकांची सारी नोकरी तहसील कचेरीत गेली. त्या कचेरीचा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा संबंध काय, हे आमच्या मोहल्ल्यात कोणालाच ठाऊक नाही. पण साप, पाल, सरडा, कासव, मगर ही सगळी एकाच बिरादरीची, हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. एकदा मी चुकून बेडकाला त्यात घुसवलं, तर काकांनी माझी दरखास्त जागीच नामंजूर केली. "त्याचं कातडं ओलं. आपल्या लोकायचं कोरडं, खवल्याचं!"

‘आपल्या लोकायचं’! मी कपाळावर हात मारला.

थंडीत उन्हाला बसलो, की सुरू. "सरडाबी असाच बसते. त्याच्या आंगात आपल्यासारखी भट्टी नाही, ऊब बाहेरूनच घ्या लागते." अहो, पेपर तरी वाचू द्या!

मागच्या महिन्यात तर कहर झाला. आमच्या बाथरूममध्ये सापाची कात निघाली. माझी बायको सुनंदा किंचाळली. काका धावत आले, कानाकोपरा पाहिला. साप कधीच निघून गेला होता. मग त्यांनी कात उजेडात धरली.

"पाहा सूनबाई, डोळ्यावरचं झाकणबी कातीसंगच निघालं. सापाले पापण्या नसतात. उघड्या डोळ्यानं झोपते बिचारं!"

सुनंदा थरथरत होती आणि यांचं कौतुक चाललेलं. माझा तोल गेला. "बस करा काका! ती भिऊन मरून राह्यली, अन् तुमी शिकवणी घेऊन राह्यले!"

काका कात हळूच गुंडाळत म्हणाले, "आमची मंडळी अशीच भेत होती. पाल दिसली तरी रातभर जागी. मंग मी कोठून कोठून वाचून रोज तिले एक गोष्ट सांगत होतो. हळूहळू तिचं भेव गेलं. शेवटी तर पालीले हाकलू देत नव्हती. ती गेली. मले सांगाची सवय राह्यली."

ते चपला घालू लागले.

"काका," सुनंदा म्हणाली. आवाज अजून कापत होता. "पालीची शेपटी तुटते, तवा तिले दुखते काय हो?"

काकांनी पायातली चप्पल पुन्हा काढली.

"बसतो मंग," ते म्हणाले. "हे जरा लांबचं प्रकरण हाय."