सत्तर किलोच्या आत

विमान तयार होतं, फक्त इंजिन तेवढं यायचं होतं. “म्हणजे स्वयंपाक झालाय, गॅस तेवढा पेटवायचा राहिलाय,” असं डॉक्टरांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

डॉक्टर दातांचे. निवृत्तीनंतर माणसं बागेत रमतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भांडणात. डॉक्टरांनी घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. तेही हल्लीसारखं बंद डब्याचं नव्हे. एकावर एक दोन पंख, त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारा आणि वरून उघड्या दोन बैठका, एक पुढे, एक मागे. लाकडी पट्ट्यांना बारीक भोकं पाडायला त्यांनी दवाखान्यातलं जुनं मशीन वापरलं. ते सुरू झालं की शेजारपाजारचे जुने पेशंट आपसूक गाल धरत. पंखांवरचं कापड मात्र ताईनं शिवलं. ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. तिनं शिवणकाम करून भावाला डॉक्टर केलं होतं, आणि पुढच्या खोलीत तिचं मशीन अजूनही चालायचं. घरात शेवटचा शब्द तिचा असायचा, आणि पुष्कळदा पहिलाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र बाकीचे सगळे बोलत होते.

“गाडीचं घ्या, डॉक्टर,” गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला. विमानाची लोखंडी कामं त्यानंच केली होती. “माझ्या हाताखालचं काम आहे. बंद पडलं तर धक्का मारून चालू करता येतं.”

“वर कोण मारणार धक्का?”

मिस्त्रीनं यावर खरोखरच विचार केला. “हां, ते पण आहे,” तो म्हणाला.

“ज्याचा आवाज कमी, ते घ्या,” बायको म्हणाली. “शेडची भिंत माझ्या स्वयंपाकघराला लागून आहे. मिक्सरएवढा आवाज चालेल. त्याच्या वर नको.”

ताई मशीन चालवत राहिली. आणि खरं तर सगळा प्रश्न ताईचाच होता.

डॉक्टरांसमोर दोन इंजिनं होती. एक छोटं, नवं, चकचकीत, आणि आराखड्यात नेमकं बसणारं. ते डॉक्टरांना उचलणार होतं, आणि सोबतीला सत्तर किलोपर्यंतचं आणखी एक माणूस. दुसरं मोठं, गोल, चहूबाजूंनी सिलिंडर फुललेलं, एका जुन्या फवारणीच्या विमानातून उतरवलेलं. त्यानं कुणालाही उचललं असतं, पण ते स्वतःच इतकं जड होतं की ते लावायचं तर आराखडा बाजूला ठेवून देवाचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणजे ताई सत्तरच्या आत असेल तर छोटं, नसेल तर मोठं. एक साधा प्रश्न विचारला की काम झालं. तो प्रश्न विचारायची छाती त्या घरात कुणाची नव्हती.

त्याला कारण होतं. डॉक्टर आठ वर्षांचे आणि ताई चौदाची असताना वस्तीबाहेरच्या माळावर असंच एक दुपंखी विमान उतरलं होतं. त्याचा वैमानिक मुलांना एकेक चक्कर मारून आणत होता. त्याचं इंजिन अशक्त होतं, म्हणून त्यानं जवळच्या गोदामातून पोती तोलायचा काटा आणून ठेवला होता. ताईची पाळी आली. वैमानिकानं काट्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाला, “ही नको. हिला घेऊन हे उडायचं नाही.”

माणसं हसली. ताईनं मग धाकट्या भावाला उचलून बैठकीत बसवलं, कापडाला चिखल लागू नये म्हणून त्याच्या चपला काढून घेतल्या आणि तो परत येईपर्यंत त्या हातात धरून उभी राहिली. वरून डॉक्टरांना नदी दिसली, शाळेचं छप्पर दिसलं, पण जन्मभर आठवत राहिली ती खाली उभी असलेली, ठिपक्याएवढी झालेली ताई. त्यानंतर ती पुन्हा कधी काट्यावर चढली नाही. दवाखान्यात वजन विचारलं की सांगायची, “तुम्हीच अंदाजानं लिहा. आणि कमी लिहा.”

हे विमान कुणासाठी बांधलं जातंय, हे घरात कुणी उघड बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी मनाशी पक्कं केलं होतं, की या खेपेला ताईला कुणीही काट्यावर उभं करणार नाही.

उभं करणार नाही. बसवायला हरकत नव्हती.

पहिला प्रयत्न त्यांनी घरातल्या वजनकाट्यावर केला. तो त्यांनी ताईच्या खुर्चीपुढच्या पायपुसण्याखाली सरकवला. ताई येऊन बसली, तिनं पाय टेकले आणि काट्यानं अकरा किलो दाखवले. डॉक्टर क्षणभर आनंदले, मग त्यांच्या लक्षात आलं की हे फक्त पायांचं झालं. तेव्हा उपाय एकच होता. खुर्चीच्या चारही पायांखाली एकेक काटा ठेवायचा आणि बेरीज करायची. खुर्चीला ताईनंच जमिनीपर्यंत झालर शिवली होती, त्यामुळे दिसायचा प्रश्न नव्हता. आणखी काटे तेवढे हवे होते.

ते मागायला डॉक्टर शेजारी गेले. शेजारी निवृत्त पोस्टमास्तरीणबाई राहायच्या. नोकरी सुटली तरी बातमी घरोघर पोचवायची त्यांची सवय सुटली नव्हती.

“काटा? तुमच्याकडे आहे की एक.”

डॉक्टरांना आयुष्यभर एकच खोटं बोलायची सवय होती, ‘अजिबात दुखणार नाही’ हे. ते इथे उपयोगाचं नव्हतं. “ताईचं वजन बघायचंय,” ते म्हणाले. “तिला कळू द्यायचं नाहीये.”

बाईंचा चेहरा उतरला. “कधीपासून?”

“झाले काही महिने. इंजि… म्हणजे, निर्णय घ्यायचा आहे एक. लांबवून चालणार नाही.”

“मी कुणाला बोलणार नाही,” बाई म्हणाल्या आणि स्वतःचा काटा देऊन उरलेले दोन स्वतःच दोन घरांतून गोळा करून आल्या. त्या दोन घरांना कारण सांगणं भागच होतं.

दुसऱ्या दिवशी ताई खुर्चीवर बसली ती नेहमीपेक्षा चार बोटं उंच. “आज पाय नीट पोचत नाहीत गं पॅडलला,” ती भावजयीला म्हणाली. “म्हातारपणी माणूस आखूड होत जातं बहुतेक.” नेमक्या त्याच वेळी दारात आलेल्या पोस्टमास्तरीणबाईंनी हे ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टर तोवर खुर्चीखाली आडवे झाले होते.

“काय रे, काय शोधतोयस?”

“सुई पडलीय तुझी.”

तीन काटे त्यांनी वाचले. चौथा मशीनच्या मागे होता. तिथवर मान पोचेपर्यंत माणसं यायला सुरुवात झाली. एकीनं फळं आणली. एकीनं तीन वर्षांपूर्वी नेलेली कात्री परत दिली, तीही धार लावून. बाह्यांच्या मापावरून ताईशी अबोला धरलेली गिऱ्हाईक बाई म्हणाली, “बाह्या बरोबर होत्या हो ताई, माझेच दंड चुकले.” ताईला आधी बरं वाटलं, मग नवल वाटलं आणि शेवटी संशय आला. पोस्टमास्तरीणबाईंनी तिला मिठीच मारली.

“ताई, तुम्ही धीराच्या आहात. हल्ली सगळ्यावर औषधं निघालीत.”

“मला काय झालंय?”

खोलीतल्या सगळ्या बायका छताकडे बघायला लागल्या. ताई ताडकन उठली. खुर्ची काट्यांवरून घसरून आडवी झाली, झालर वर गेली, आणि चार काटे व त्यांच्यामध्ये एक दातांचा डॉक्टर असं सगळं उघड्यावर आलं.

बायका पांगल्यावर ताईनं विचारलं, “माझं वजन तुला कशाला हवंय?”

“इंजिन ठरवायचंय,” डॉक्टर जमिनीवरूनच म्हणाले.

ताईनं आडवी खुर्ची उभी केली. मग म्हणाली, “त्या वेळी निदान परका माणूस होता रे.” आणि तिनं मशीनवर झाकण घातलं.

नंतरचे दिवस घरात मशीनचा आवाज नव्हता. मिक्सरचा आवाज तेवढा मोठा वाटायला लागला आणि बायकोला स्वतःच्याच मिक्सरचा राग यायला लागला. शेवटी डॉक्टर मिस्त्रीला घेऊन ते मोठं इंजिन बघायला गेले. विकणाऱ्यानं ते एका ट्रॉलीवर घट्ट आवळून सुरू करून दाखवलं. ते आधी खोकलं, त्यानं पांढरा धूर सोडला, पुन्हा खोकलं आणि मग जाड, सावकाश आवाजात चालू झालं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. माळावरचा तोच आवाज होता. पोटात बसायचा, तसाच बसला.

“हे घ्यायचं,” ते म्हणाले.

“अहो पण जड आहे, डॉक्टर! आराखड्यात हे कुठंच…”

“हेच घ्यायचं. आता कुणाचं वजन विचारायला नको.”

रविवारी सकाळी शेडमध्ये साखळी-कप्पीनं इंजिन वर चढवलं, विमानाच्या नाकाला बोल्टांनी आवळलं, आणि मिस्त्रीनं साखळी सैल केली. विमानानं शांतपणे शेपूट वर उचललं आणि नाक जमिनीकडे न्यायला सुरुवात केली. डॉक्टर नाकाखाली खांदा देऊन उभे राहिले. मिस्त्री धावत जाऊन शेपटीला लोंबकळला.

“मागच्या बैठकीत वजन पाहिजे! कुणाला तरी बसवा!”

बायको भाजी चिरायची टाकून आली आणि मागच्या बैठकीत चढली. विमान थोडं घुटमळलं. मिस्त्रीनं हात सोडून बघितला आणि ते पुन्हा खाली वाकायला लागलं. बायको मुळातच काटकुळी. “मी श्वास भरून धरू का?” तिनं विचारलं.

आरडाओरडा ऐकून ताई शेडच्या दारात आली. तिनं विमानाकडे पाहिलं, खाली दबलेल्या भावाकडे पाहिलं. “उतर गं,” ती भावजयीला म्हणाली. मग तिनं पायांतल्या चपला काढल्या. पंखाचं कापड तिनंच शिवलं होतं, त्यावर ती चपलांनी चढणार नव्हती. चपला तिनं भावापुढे केल्या.

“धर.”

डॉक्टरांनी मोकळ्या हातानं त्या घेतल्या. ताई पंखावर गुडघा टेकून वर गेली, पाय आत घातला आणि मागच्या बैठकीत बसली. शेपूट धप्पकन खाली आलं. मिस्त्री लोंबकळत होता तो जमिनीवर बसलाच.

“वा!” तो अंग झटकत म्हणाला. “असं पाहिजे! ताई मागे बसल्या की काम फत्ते. चालवायचा दांडा दोन्हीकडे आहे, डॉक्टर पुढे बसतील. पण डॉक्टर, एक सांगून ठेवतो. ताईंना घेतल्याशिवाय आता हे उडायचं नाही.”

बिचाऱ्याला माळावरची गोष्ट माहीत नव्हती. आपण काय बोललो आणि सगळे ताईकडे का बघायला लागले, हे त्याला कळेना.

“काय म्हणालास?” ताईनं विचारलं.

“उडायचं नाही म्हटलं. तुमच्याशिवाय.”

“मोठ्यानं म्हण. शेजारी ऐकू जाऊ दे.”

मिस्त्रीनं मोठ्यानं म्हटलं. कुंपणापलीकडे पोस्टमास्तरीणबाईंच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला. आता वस्तीभर कळायला संध्याकाळ व्हायची गरज नव्हती.

ताईनं दोन्ही हात बैठकीच्या काठावर ठेवले आणि समोर पाहिलं, जणू शेडला भिंतच नव्हती. “आवाज तोच आहे का रे?” तिनं हळूच विचारलं.

“तोच,” डॉक्टर म्हणाले.

“आणि वजन किती याचं?”

“सव्वादोनशे किलो.”

ताईनं इंजिनाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, गिऱ्हाइकाचं माप नजरेनं घ्यावं तसं. “म्हणजे माझ्या बरोब्बर तिप्पट,” ती समाधानानं म्हणाली. “उगीच मला नावं ठेवतात.”

मिस्त्री बोटांवर मोजायला लागला, बायकोनं त्याच्या हातावर चापट मारली. डॉक्टरांचा भागाकार मात्र तोवर झाला होता. ते छोटं, चकचकीत इंजिन त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. तेच घेतलं असतं, तर ताईला पुन्हा खालीच उभं राहावं लागलं असतं. त्यांनी तिच्या चपला छातीशी घट्ट धरल्या आणि उत्तर कुणालाही सांगितलं नाही.